कोटगढ : फळांच्या गावी पाहुणा

शिमल्याहून नारकंडा मागे टाकून सतलजच्या खोऱ्याकडे उतरणारा रस्ता ठाणेदार आणि कोटगढ या गावांकडे जातो. देवदारांची गर्द छाया विरळ होते आणि डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी सफरचंदाच्या बागा दिसू लागतात. एप्रिलात त्या पांढऱ्या-गुलाबी मोहोराने भरतात. ऑगस्ट-सप्टेंबरात फळभाराने वाकलेल्या फांद्यांना टेकू द्यावे लागतात. तानी जुब्बडच्या तळ्याकाठी, देवदारांच्या सावलीत, मनाचा कोलाहल आपोआप निवतो.

या वैभवामागे सॅम्युअल स्टोक्स यांचे नाव आहे. फिलाडेल्फियाच्या सधन घरातील हा तरुण १९०४ मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात आला आणि पुढे कोटगढचाच झाला. येथील कन्येशी विवाह करून त्यांनी शेती स्वीकारली व १९१६ मध्ये अमेरिकेतून आणलेली रेड डेलिशस जातीची रोपे लावली. १९३२ मध्ये हिंदू धर्म स्वीकारून ते सत्यानंद झाले.

परंतु त्यांचे मोठेपण केवळ फळांपुरते नाही. त्या काळी साहेब वा प्रवासी आला की पेरणी-कापणी सोडून गावकऱ्यांना त्याचे सामान वाहावे लागे. या वेठबिगारीविरुद्ध स्टोक्स गावकऱ्यांसह उभे राहिले आणि १९२१ मध्ये ती प्रथा मोडली. त्याच वर्षी स्वातंत्र्यलढ्यात त्यांना कारावासही घडला. ज्या पाठीवर परक्याचे ओझे लादले जात होते, ती ताठ झाली. मग त्याच हातांनी स्वतःच्या बागा फुलवल्या.

बाजारात सफरचंदाच्या भावावरून घासाघीस करणारा गृहस्थ या बागेत उभा राहिला की त्याला निराळा हिशेब उमगतो. जुन्या पद्धतीचे झाड लावल्यावर फळासाठी कित्येक वर्षे थांबावे लागते. तोवर खर्च आहे, उत्पन्न नाही. हिवाळ्यात पुरेशी थंडी लाभली नाही तर मोहोर नीट येत नाही. मोहोर आला तर मधमाश्या हव्यात, म्हणून त्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. फळ धरले तर गारांची धास्ती, म्हणून झाडांवर जाळ्या ताणतात. अलीकडे बर्फच बेभरवशाचे झाले आहे. वर्षभराची मेहनत एका दुपारच्या गारपिटीत मातीमोल होऊ शकते, आणि घेतलेल्या कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

म्हणून येथे येणाऱ्याने पाहुण्याची मर्यादा सांभाळावी. मालकास विचारल्यावाचून फळ तोडू नये. वनवाटेवर कचरा टाकू नये. सामान उचलणाऱ्यास योग्य मजुरी द्यावी आणि दोन शब्द आदराने बोलावे. शंभर वर्षांपूर्वी या गावाने आपला मान झगडून मिळवला. पाहुण्याच्या वागण्यातून त्याला धक्का लागू नये.