अनेकांचं एक होताना

शाळेच्या इंग्रजी व्याकरणात हा विषय दोन ओळींत संपतो. कर्ता एकवचनी असेल तर ‘इज’, अनेकवचनी असेल तर ‘आर’. गाळलेल्या जागा भरा. पण माणसं एकत्र आली की त्या दोन ओळी पुरेनाशा होतात. समिती, संघ, सरकार यांना एक म्हणायचं की अनेक? डोकी मोजून ते ठरत नाही. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय उभं आहे, त्यावर ठरतं.

अमेरिकेचंच पाहा. १७८७ साली लिहिलेल्या राज्यघटनेत ‘युनायटेड स्टेट्स’ अनेकवचनी आहे. देशद्रोह म्हणजे ‘त्यांच्या’विरुद्ध युद्ध पुकारणं, ‘त्यांच्या’ शत्रूंना जाऊन मिळणं, असं तिथलं कलम सांगतं. तेव्हा ते खरंही होतं. १३ राज्यं, प्रत्येकाचं आपलं विधिमंडळ, आपली कर्जं, आपला ताठा. पुढे ११ राज्यं फुटून निघाली, चार वर्षं यादवी पेटली, लाखो माणसं मेली. युद्धाआधी ‘आर’ होतं, युद्धाने त्याचं ‘इज’ केलं, असं पुष्कळदा सांगतात. गोष्ट सुबक आहे, पण भाषा तोफेच्या आवाजाने वळत नाही. १८६५ साली गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती झाली. संघराज्य जिंकलं होतं, राज्यांच्या हातून केवढा मोठा अधिकार काढून घेतला जात होता, आणि त्याच वाक्यात अधिकारक्षेत्र मात्र ‘त्यांचं’! त्या सर्वनामापाशी मी दर वेळी थबकतो. देश एक झाल्याचं रणांगणावर ठरलं होतं. लेखणीला ते अजून पटायचं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतही अनेकवचन पुढे कित्येक वर्षं टिकून राहिलं. ‘इज’ रुळलं ते सावकाश, पिढी बदलता बदलता.

ब्रिटिशांनी समूहातली माणसं अशी सहजी पुसली नाहीत. क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐकत वाढलेल्या कानांना ‘इंडिया आर’ खटकत नाही. त्या ‘आर’मध्ये अकराही जण धावताना दिसतात. मराठीत ‘भारत जिंकला’, एकटाच. आपण अनेकवचन राखून ठेवलं ते मानासाठी. ‘आजोबा आले’ म्हणताना दारात माणूस एकच असतो. इंग्रजी क्रियापदाकडे ही माया नाही. तिथे राणीच्या वाट्यालाही ‘इज’च.

पण ज्यूरीचं वाक्य लिहायचं झालं, की इंग्रजीची श्रीमंती दिसते. बारा जण बंद खोलीत वाद घालत असतील तर ब्रिटिश लेखक ‘आर’ लिहू शकतो, आणि एकमताचा निर्णय घेऊन ते न्यायाधीशांपुढे आले की ‘इज’. अमेरिकन वळण दोन्हीकडे ‘इज’कडेच झुकतं. मला ब्रिटिश रीत अधिक न्याय्य वाटते. त्या खोलीत एकाचं जरी मन वळायचं राहिलं असेल, तोवर मी तिथे ‘आर’च लिहीन.