कडेकडेनं

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईचा समुद्र सकाळी सहा-सातच्या सुमाराला मागे हटतो आणि संध्याकाळी पुन्हा त्याच वेळेला. दुपारी आणि मध्यरात्री उधाण, उजाडताना आणि मावळतीला ओहोटी, असा इथला हिशेब आहे. मग वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकत जातात. एप्रिल-मेमध्ये वांद्र्याच्या किनाऱ्यानं फिरायचं असेल तर हा हिशेब फार सोयीचा पडतो. दिवसातल्या ज्या दोन वेळा ऊन सोसवतं, नेमके तेव्हाच कातळ उघडे पडलेले असतात.

ज्यांना जमतं ते उन्हाळ्यात मुंबई सोडतात. कोणी कोकणात जातं, कोणी महाबळेश्वरला. मला हे शहर पायी बघायला हाच ऋतू आवडतो. पावसात कातळावर पाय ठरत नाही, भिंतींवरच्या रंगांना पोपडे येतात. थंडीत हवा छान असते, पण गुलमोहर आणि बहावा गप्प असतात. ओहोटी, फुललेली झाडं आणि अजून न भिजलेल्या रंगीत भिंती हे सगळं एका फेरीत बघायला मिळतं ते पाऊस येण्याआधीच्या या आठवड्यांत.

कार्टर रोडच्या पदपथावर सकाळी चालणाऱ्यांची रीघ असते. कठड्यापलीकडे खाली काळा कातळ पसरलेला असतो, त्याच्या खळग्यांत समुद्रानं मागे ठेवलेलं पाणी. वाकून जरा थांबलं की त्या पाण्यात हालचाल दिसू लागते. रिकाम्या शंखात संसार थाटलेले खेकडे तुरुतुरु पळतात. दगडाला हिरवट-तपकिरी फुलं चिकटल्यासारखी दिसतात ते झोअँथिड, म्हणजे प्रवाळांचे नातलग. पाण्याखाली असले की तोंडाभोवतीची बारीक झालर उघडतात, कोरडे पडले की अंग मिटून घेतात. इतक्या गढूळ समुद्रात काय जगणार, असं मुंबईकरांनी धरूनच टाकलं होतं. २०१७ मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमानं ओहोटीच्या वेळी लोकांना या कातळांवर न्यायला सुरुवात केली, आणि जुहू, हाजी अली, कार्टर रोड इथल्या डबक्यांतले प्राणी शहराला ठाऊक झाले. कालवं फोडायला कातळावर जाणाऱ्या बायकांना मात्र हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, त्या बायका पाऊल नेमकं कुठे टाकतात हे बघून चालावं.

कातळ संपून चिखल सुरू होतो तिथे तिवरं उभी आहेत. तिवराचं पान मे महिन्यात चाटून बघा. खारट लागतं. मुळांवाटे आत आलेलं मीठ हे झाड पानांतल्या ग्रंथींमधून बाहेर टाकतं, आणि पाऊस नसला की ते पानावरच साचून राहतं, उन्हात चमकतं. याच दिवसांत त्याला केशरी-पिवळी बारीक फुलं येतात आणि मधमाश्या गोळा होतात. चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांच्या गर्दीत निवट्या उड्या मारत असतात, खेकड्यांचे नर आपला एकच मोठा नांगा हलवून मादीला बोलावत असतात. एरवी मातकट दिसणारा वंचकही उन्हाळ्यात विणीसाठी पाठीवर गडद तांबूस पिसं चढवतो. या सगळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात, हेही खरं. प्रत्येक भरतीबरोबर शहर आपलाच कचरा परत घेतं आणि तिवरं तो अडवून धरतात. मला ही झाडं बागेतल्या कुठल्याही झाडापेक्षा अधिक आदराची वाटतात.

साडेनऊ-दहानंतर थोडा वेळ कठीण जातो. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पडलेला असतो आणि खारा वारा अजून सुटलेला नसतो. खारा वारा यायला उशीर झाला की त्या दिवशी मुंबई भाजून निघते. अशा वेळी कडेच्या झाडांखालून चालावं. भेंडाची सावली दाट असते. पिवळं फूल फुलून कोमेजेपर्यंत तांबूस होतं, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंग दिसतात. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोनमोहोराचा पिवळा सडा पडलेला असतो आणि मधूनच एखादं ताम्हण जांभळं होऊन उभं असतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, ताम्हण आपल्या राज्याचं फूल. उन्हाळ्यात दोघंही या गल्ल्यांना सारखेच आपले.

चिंबईच्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या असतात. वलांडीवर बोंबील वाळत असले तर त्यांचा वास आधी येतो, मग ते दिसतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्याआधी शेवटच्या दिवसांचा मासा वाळवून ठेवायची घाई असते. आत गावठाणात ईस्ट इंडियनांच्या, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या, अंगणांतही हीच घाई, तिथे सुक्या मिरच्या उन्हात पसरलेल्या असतात. अनेक मसाले भाजून, कांडून गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरायचे, म्हणून त्याचं नाव बॉटल मसाला. वर्षभराची बेगमी या उन्हावर होते. माना वाकवून मिरच्यांची देठं खुडत, आपल्या खास वळणाच्या मराठीत बोलत बसलेल्या त्या बायकांना उन्हाची तक्रार करताना मी ऐकलेलं नाही. त्यांना ते हवंच असतं.

हिल रोड ओलांडला की रनवार, वरोडा रोड, चॅपल रोड. बाहेरून जिना असलेली लाकडी घरं, कौलं, दारात क्रोटनच्या कुंड्या, कोपऱ्यावर क्रूस. १८९६ च्या प्लेगनंतर वस्त्यांनी असे अनेक क्रूस उभे केले. त्यांच्यापुढे आजही फुलं दिसतात. आणि या घरांच्या भिंतींवर चित्रं. चॅपल रोडच्या एका भिंतीवर १९५३ च्या ‘अनारकली’तल्या बीना रॉय आणि प्रदीप कुमार. वरोडा रोडवर इरफान खान, तो गेला त्याच वर्षी, २०२० मध्ये रंगवलेला. दोन्ही चित्रं रणजित दहियांची. हरियाणातल्या सोनीपतजवळच्या गावात भिंती रंगवण्यापासून हा माणूस सुरुवात करतो, पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकतो, मुंबईत येतो आणि २०१२ मध्ये, भारतीय सिनेमाची शंभरी जवळ आलेली असताना, ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू करतो. यामागची कळ मला कळते. हातानं रंगवलेली सिनेमाची पोस्टरं फ्लेक्स आल्यावर संपली. मजल्याएवढा चेहरा चौकटी आखून कापडावर उतरवणाऱ्या रंगाऱ्यांचा धंदा बुडाला. या भिंतींवर तोच हात पुन्हा चालताना दिसतो. मोठा ब्रश, ठसठशीत सावल्या, दुरून ओळखू येणारे डोळे.

मात्र गल्ली दुरून बघायची नाही. जवळ गेल्यावर भिंतीचं खरं रूप दिसतं. चेहऱ्याच्या मधूनच पन्हळ गेलेलं असतं, विजेचा मीटर गालावर येतो, खिडकीच्या गजांवर टॉवेल वाळत असतो. चित्रकारानं हे सगळं धरूनच चित्र काढलेलं असतं. बरीच मंडळी येतात, भिंतीला पाठ करून फोटो काढतात आणि जातात. त्यांनी अर्धं मिनिट मागे वळून खिडकीतल्या आजींकडे पाहावं असं मला फार वाटतं. त्या घरानं होकार दिला म्हणून भिंत मिळाली. घर पुनर्विकासात गेलं की चित्रही जाईल. त्या आधीही खारा वारा आणि चार पावसाळे त्याचे पोपडे काढतातच. गल्लीतली कितीतरी चित्रं आता मी नुसती आठवणीतून सांगू शकते.

तिथून रिक्लेमेशनकडे निघालं की एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके भेटतात. २०१४ मध्ये दहिया आणि सहकाऱ्यांनी रंगवलेले, अख्ख्या इमारतीच्या उंचीचे. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तो दादरला, माहीमच्या खाडीपलीकडे, इथून काही मैलांवर. एखाद्या चित्रानं नेमकी जागा पटकावावी ती अशी. समुद्रभराव करून मिळवलेल्या जमिनीवर, गाड्यांच्या अखंड रहदारीवर नजर ठेवून.

पाय अजून चालत असले तर मी शीव-वांद्रे जोडरस्त्यानं महाराष्ट्र निसर्ग उद्यानापर्यंत जाते. एका बाजूला धारावी, दुसरीकडे मिठी नदी आणि तिची तिवरं. ही ३७ एकर जागा पूर्वी कचराभूमी होती. तिथे पहिली झाडं लागली तेव्हा त्या कामाला डॉ. सलीम अलींचा हात लागला होता, ते इथून जवळच पाली हिलला राहत. १९९४ मध्ये उद्यान लोकांना खुलं झालं. आज आत शिरलं की रस्त्याचा आवाज मागे पडतो. मे महिन्यात बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडलेला असतो. तो फुलला की पाऊस दीड-दोन महिन्यांवर आला असं म्हणतात. झाडांखालून फुलपाखरं फिरतात, कोकिळेला खंड नसतो. या मातीखाली आजही जुन्या मुंबईचा कचरा आहे. झाडांनी तो मुळांत घेतला आहे.

चिखल, कचरा, पोपडे आलेली भिंत. शहरानं ज्या जागांकडे पाठ केली होती त्याच जागा उन्हाळ्यात सगळ्यात जास्त फुललेल्या दिसतात, आणि त्या सगळ्या मला कडेकडेनं चालूनच सापडल्या. आता कार्टर रोडच्या तिवरांवर, चिंबईच्या किनाऱ्यावर, चॅपल रोडच्या कौलांवर रोज कुणाचा ना कुणाचा डोळा असतो, कारण किनाऱ्याची जमीन सोन्याच्या भावाची झाली आहे. म्हणून मुलांना सुट्टीत इथे आणावं असं मी भेटेल त्याला सांगते. सकाळच्या ओहोटीला कातळावर उतरवा, तिवराचं पान चाटू द्या, बाटलीत मसाला भरणाऱ्या आजींशी बोलू द्या, मग भिंतीवरची अनारकली दाखवा. ज्यांनी लहानपणी हे पायांनी ओळखलं असेल, ती माणसं मोठेपणी या जागांवर बोली लागली तर गप्प बसणार नाहीत, अशी माझी आशा आहे.