एकावन्नावें घर

आमचें बालपण पाढे व पावकी-निमकी रोज सायंकाळीं म्हणवून घेणाऱ्या आजोबांच्या धाकांत गेलें. त्यामुळें गणिताच्या तासास संगणकावरील हिशेबाचा तक्ता, म्हणजे स्प्रेडशीट, वापरावी अशी सूचना शाळेंत आली तेव्हां आमच्या कपाळास आठ्याच पडल्या. घरीं आमच्या वहिनी वाणसामानाच्या हिशेबास ती वापरतात, तें ठीक; परंतु आंकडेमोड यंत्रानें केली तर मुलांच्या बुद्धीस गंज चढेल, असें आमचें ठाम मत होतें.

वास्तविक या तक्त्याचा उगम वर्गांतल्या फळ्यापाशींच आहे. १९७८ सालीं हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्यें शिकत असतां डॅन ब्रिकलिन यांनीं पाहिलें कीं, फळ्यावरील कोष्टकांत एक आंकडा बदलला कीं पुढचे कित्येक पुसून पुन्हा मांडावे लागतात. त्यांतूनच १९७९ मध्यें त्यांनीं व बॉब फ्रँकस्टन यांनीं ‘व्हिजिकॅल्क’ सिद्ध केलें. एका घरांत आंकडा, दुसऱ्या घरांत त्याच्याशीं बांधलेलें सूत्र. पहिला बदलला कीं दुसरा आपोआप बदलतो. बीजगणितांतील ‘क्ष’ समजावतांना आमचा घसा कोरडा पडत असे. येथें तो मुलांस डोळ्यांनीं दिसतो.

अखेर आम्हीं आठवीच्या वर्गास बुद्धिबळाच्या पटाचें जुनें उदाहरण घातलें. पहिल्या घरांत तांदळाचा एक दाणा, पुढें प्रत्येक घरांत दुप्पट. सूत्र एकदां लिहून खालीं ओढलें, आणि चौसष्ट घरें क्षणांत भरलीं. इतक्यांत शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ‘गणितांत कच्ची’ म्हणून तिची आशा आम्हीं केव्हांच सोडली होती.

“सर, पन्नासाव्या घरांत शेवटीं दोन आहे, मग एकावन्नाव्यांत शून्य कसं आलं? दोन दुणे चार ना?”

“यंत्र चुकत नाहीं. तूंच नीट पाहा,” असें म्हणून आम्हीं तिला खालीं बसविलें. वर्ग हसला.

रात्रीं मात्र चैन पडेना. उठून कागदावर मांडून पाहिलें. पन्नासाव्या घरांत ५६,२९,४९,९५,३४,२१,३१२ दाणे. त्यांची दुप्पट १,१२,५८,९९,९०,६८,४२,६२४. पडद्यावर शेवटीं ६२० होतें! आमच्या तक्त्यांत संख्येचे पहिले पंधराच अंक दाखविले जातात. सोळाव्याच्या जागीं शून्य पडतें. यंत्राची ती मर्यादाच होती. चूक आमची होती.

दुसऱ्या दिवशीं भर वर्गांत आम्हीं त्या मुलीची क्षमा मागितली व ती दुप्पट तिलाच फळ्यावर करावयास सांगितली. तिचा हात थरथरत होता. उत्तर बरोबर आलें.

तेव्हांपासून आमचा नियम असा कीं, यंत्राकडे वळण्यापूर्वीं मुलांनीं उत्तराचा अदमास सांगावा, आणि नंतर शेवटचा अंक तरी हातानें पडताळावा. आजोबांचे पाढे वायां गेले नाहींत. ते आतां पहारा करतात. घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मूल ‘हें असं कसं?’ म्हणून विचारील तेव्हां त्यास खालीं बसवूं नये.