परदेशातला पहिला दिवस

गेल्या जानेवारीत माझा धाकटा मुलगा शिक्षणासाठी जर्मनीला गेला. पोहोचल्यावर त्याने व्हिडिओ कॉल केला. पाठीमागे पांढरी भिंत, अंगात जाड जाकीट. "अम्मी, सगळं छान आहे. खोली चांगली आहे, लोकही चांगले आहेत." मी विचारलं, "जेवलास का?" म्हणाला, "हो." "काय जेवलास?" तो जरासा थांबला आणि म्हणाला, "अगं, इथे सगळं मिळतं."

कॉल संपला. घरातले सगळे खूश झाले. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन बसले. पोरगं उपाशी होतं, हे मला त्या थांबण्यावरूनच कळलं. तीस वर्षांपूर्वी मीही परदेशातून घरच्यांना असंच काहीतरी लिहून पाठवलं होतं.

१९९४ सालचा जुलै महिना. आमचं गाव खेड तालुक्यात. हे मस्कतला एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्यातली जवळजवळ सात यांनी तिकडेच काढली होती. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी मिळायची. कोकणातल्या किती घरांची हीच कहाणी आहे, ते वाचकांना वेगळं सांगायला नको. तेव्हा फोन फार महाग. म्हणून सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पत्र यायचं, आणि पत्राबरोबर कॅसेट. कॅसेटमध्ये हे सलाम सांगायचे, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, आमच्या मुलीला पाढे म्हणून दाखवायला सांगायचे. यांच्या आवाजाच्या मागे सतत एक घुमणारा आवाज असायचा. तो समुद्राचा असावा, अशी मी समजूत करून घेतली होती. मुलीलाही मी सांगत असे, "अब्बांचं घर समुद्राच्या काठावर आहे."

शेवटी यांना फॅमिली व्हिसा मिळाला. पाच वर्षांच्या मुलीचा हात धरून मी मुंबईहून विमानात बसले. विमानाचा तो पहिलाच प्रवास. गावातून निघाले तेव्हा पाऊस कोसळत होता, भाताची लावणी चालू होती, अंगणात शेवाळ धरलं होतं. अडीच तासांनी खिडकीतून खाली पाहिलं, तर तपकिरी डोंगरांच्या रांगाच रांगा. एकावरही झाड नाही, गवताचं पातं नाही. मुलीने विचारलं, "अम्मी, इथले डोंगर कुणी सोलले?" मला उत्तर सुचलं नाही. सात वर्षं हा माणूस कुठे राहिला, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहत होते.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सीबच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि भाकरी उलटताना तव्याची वाफ तोंडावर यावी तसा गरम वारा अंगावर आला. समुद्र जवळ असल्याने हवेत दमटपणाही होता. बाहेर पांढरे स्वच्छ डिशडाशा घातलेले, डोक्यावर नक्षीदार कुम्मा टोप्या घातलेले ओमानी पुरुष आपापल्या माणसांना घ्यायला आले होते. कुणी गळाभेट घेत होतं, कुणी नाकाला नाक लावून भेटत होतं. आम्हाला घ्यायला कुणीच आलं नव्हतं.

अर्धा तास गेला, मग एक तास. माझ्याकडे यांच्या कंपनीचा नंबर लिहिलेला कागद होता, पण फोनसाठी तिथलं नाणं नव्हतं. मुलगी रडायला लागली, आणि खरं सांगायचं तर मीही. मनात नको नको ते विचार. हा देश वाईट, इथली माणसं कोरडी, इथली जमीनसुद्धा कोरडी. एका तासात मी साऱ्या ओमानचा निकाल लावून टाकला होता.

तेवढ्यात काळा अबाया घातलेली एक म्हातारी बाई शेजारी येऊन बसली. तिने पिशवीतून खजुराचा डबा काढून मुलीपुढे धरला आणि चक्क हिंदीत विचारलं, "बेटी, क्यों रोती है?" मी चकित झाले. ती बलुच होती, तिचे वडील ग्वादरहून मस्कतला आलेले. ग्वादर १९५८ पर्यंत ओमानच्याच ताब्यात होतं, हे मला पुढे कळलं. तिने पाणी आणून दिलं, आणि तिचा मुलगा येईपर्यंत ती आमच्याजवळ बसून राहिली. जाताना म्हणाली, "आ जाएगा. काम वाला आदमी है, छुट्टी नहीं मिली होगी."

तिचा अंदाज खरा ठरला. दीड तासाने हे धावत आले. शर्ट घामाने भिजलेला, चेहरा उतरलेला. सलाम नाही की प्रवास कसा झाला हे विचारणं नाही. यांचा पहिला प्रश्न होता, "तुझ्याशी कुणी बोललं का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दीड तास आम्हाला ताटकळत ठेवलं आणि वर हा संशय? मी तुटकपणे म्हटलं, "नाही." त्या बाईचा विषय मी काढलाच नाही. मुलीच्या हातात खजुराची बी होती, तिच्याकडे यांचं लक्ष गेलं नाही.

कंपनीने कबूल केलेलं घर अजून तयार नव्हतं. म्हणून आठ दिवस आम्ही गावच्याच एका कुटुंबाकडे राहिलो. पण त्याआधी यांचं सामान घ्यायला आम्ही रुवीतल्या हमरिया भागात गेलो. हे राहत त्या खोलीतल्या पाच जणांनी भाभी येणार म्हणून खोली झाडून-पुसून ठेवली होती, आणि आम्हाला मोकळेपणा मिळावा म्हणून सगळे खाली रस्त्यावर उन्हात जाऊन उभे राहिले होते. आमच्यासाठी त्यांनी सुरमईचं सार आणि भात करून ठेवला होता.

मी दारातच थांबले. एकावर एक अशा सहा खाटा. यांच्या खाटेखाली तीच हिरवी ट्रंक, जी मी लग्नात पाहिली होती. उशाशी टेपरेकॉर्डर. आणि भिंतीत बसवलेला खिडकीचा जुना एसी, घरघर घरघर करत चाललेला. मी तो आवाज लगेच ओळखला. मुलीनेही ओळखला. तिने विचारलं, "अब्बा, समुद्र कुठे आहे?"

यांना काही कळलं नाही. मी तिला गप्प केलं.

त्या रात्री सासूबाईंना पत्र लिहिलं: "आम्ही सुखरूप पोहोचलो. हे विमानतळावर घ्यायला आले होते. यांची खोली हवेशीर आहे, सोबतची माणसं चांगली आहेत. काळजी करू नये." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पण ते पत्र वाचून सासूबाईंच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहिलं असेल, ते सगळंच खोटं होतं. यांची सात वर्षांची पत्रं मी तशीच वाचली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

ओमानबद्दलचा माझा पहिल्या तासाचा निकाल पुढे हळूहळू बदलत गेला. आल्यानंतर दोन-चार दिवसांत रस्त्याकडेच्या एका मशिदीबाहेर काही लोक हात खाली सोडून नमाज पढताना दिसले. मी घरी येऊन यांना म्हटलं, "मुसलमानांचा देश म्हणता आणि यांना धड नमाजही येत नाही!" हे हसले. ओमानमध्ये इबादी पंथाचे लोक मोठ्या संख्येने आहेत आणि ते नमाजमध्ये हात बांधत नाहीत. माझ्या गावात कुणी तसं करत नव्हतं, एवढ्यावरच मी त्यांना चूक ठरवून मोकळी झाले होते.

पण हा खेळ दोन्ही बाजूंनी चालतो. आम्ही आमच्या घरात राहायला गेलो, तेव्हा शेजारची ओमानी बाई मला पाहून नुसती मान हलवायची. माझ्या अंगावर साडी, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात काळ्या मण्यांची पोत. एकदा जिन्यात मी तिला सलाम केला, तर ती थबकली. मोडक्या हिंदीत तिने विचारलं, "तुम मुस्लिम?" मी मान डोलावली. तिने माझ्या साडीकडे बोट दाखवलं आणि आम्ही दोघी हसत सुटलो. त्याच संध्याकाळी तिने हलवा आणि वेलची घातलेला कहवा पाठवला. मी डबा परत दिला तो नारळाच्या वड्या घालून.

मग एकेक गोष्ट ओळखीची वाटू लागली. तिथल्या एका रियालचे हजार बैसे होतात, आणि बैसा म्हणजे आपला पैसाच. १९७० पर्यंत तर तिथे रुपयेच चालत, आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेले. मत्रहच्या जुन्या बाजारातला दुकानदार माझ्याशी हिंदीत घासाघीस करायचा. विमानातून जो देश सोललेला दिसला होता, तिथे मी पुढे चार वर्षं राहिले आणि निघताना शेजारणीच्या गळ्यात पडून रडले.

तर, मुलाचा तो कॉल. दोन दिवसांनी मी त्याला एकट्याला गाठलं आणि म्हटलं, "आता खरं सांग." मग त्याने सांगितलं. तो पोहोचला तो रविवार होता. जर्मनीत रविवारी दुकानं बंद ठेवण्याचा कायदाच आहे, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. साडेचार-पाचलाच अंधार पडला. रस्ते रिकामे. त्याला वाटलं, गावात काही अघटित घडलं असावं. मी दिलेल्या नारळाच्या वड्या खाऊन, नळाचं पाणी पिऊन तो झोपला. दुसऱ्या दिवशी एका तुर्की दुकानात गेला. दुकानदाराने "सलाम अलैकुम" म्हटलं, तेव्हा याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अम्मी, मला लाज वाटली," म्हणाला. "पंचवीस वर्षांचा घोडा मी, रडतोय काय!"

मी त्याला इब्न बतूताची गोष्ट सांगितली. तांजियरचा हा तरुण १३२५ साली हजसाठी एकटाच घरातून निघाला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्याचा काफिला ट्युनिसला पोहोचला. शहरातले लोक स्वागताला आले, एकमेकांना सलाम करू लागले, खुशाली विचारू लागले. याला मात्र कुणी ओळखत नव्हतं. याला कुणी सलामही केला नाही, आणि त्याला रडू आवरेना. ते पाहून एक हाजी जवळ आला, त्याने सलाम केला, आणि शहरात शिरेपर्यंत तो याच्याशी बोलत राहिला.

हाच माणूस पुढे जवळजवळ तीस वर्षं जग फिरला. आपल्या किनाऱ्यावर, गोव्याच्या दक्षिणेला होनावरला तो आला, तेव्हा तिथे मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा आहेत आणि बायकांना कुरआन पाठ आहे, असं त्याने नोंदवलं. ओमानमध्ये निझवा शहरात लोक आपापला डबा आणून मशिदीच्या अंगणात एकत्र जेवतात, हेही त्याने टिपलं. तिथल्या इबादींच्या चालीरीती काही त्याला पटल्या नाहीत. म्हणजे तोही माझ्यासारखाच घाईने निकाल देणारा! पण १३५५ साली आपला वृत्तांत पुरा करताना, इतके सुलतान आणि दरबार पाहून झाल्यावरही, तो ट्युनिसचं रडणं विसरला नव्हता आणि त्याने ते लपवलंही नाही.

मी हे फोनवर सांगत होते, तेव्हा आमचे हे बाजूला पेपर वाचत बसले होते. फोन ठेवल्यावर मी सहज विचारलं, "तुम्ही पहिल्या दिवशी काय केलं होतं?" तीस वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं.

यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "मला घ्यायला कुणी आलं नाही. कंपनीची गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती, हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळपासून फजरपर्यंत विमानतळाबाहेर बसून होतो. रात्रभरात एक माणूस बोलला नाही माझ्याशी." थोडं थांबून म्हणाले, "तू आलीस त्या दिवशी मला सुट्टी दिली नाही. येताना सगळ्या रस्त्याने तेच आठवत होतं."

"तुझ्याशी कुणी बोललं का?" हा प्रश्न तीस वर्षांनी माझ्यापर्यंत पोहोचला. मग मीही त्यांना त्या बलुच म्हातारीबद्दल सांगितलं, खजुराबद्दल, पाण्याबद्दल. यांनी ऐकलं आणि म्हणाले, "अल्लाह तिला जन्नत देवो. हे तेव्हाच सांगितलं असतंस तर!"

सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने फार गुमान करण्यापासून आपल्याला रोखलं आहे, हे आपण वाजमध्ये कितीदा ऐकतो. मी मात्र ते परक्या लोकांपुरतं धरून चालले होते. घरातल्या माणसाबद्दल मनात धरलेलं गुमान तीस वर्षं तसंच राहिलं.

रमजानच्या आधी आमच्या गावच्या मशिदीत नवे इमामसाहेब यायचे होते, बिहारहून. वय असेल बावीस-तेवीस. आपल्या कोकणातल्या कितीतरी मशिदींचे इमाम असेच दुरून येतात. त्यांनाही हे समुद्र, ही भाषा, हे तांदूळ-मासळीचं जेवण सगळं परकंच. ते स्टेशनवर उतरतात तेव्हा त्यांना घ्यायला कोण जातं, याचा मी तरी कधी विचार केला नव्हता. एरवी रिक्षावाल्याला निरोप दिला जातो, बस्स.

या वेळी हे स्वतः पहाटे खेड स्टेशनवर गेले. मी डबा दिला: तांदळाच्या भाकऱ्या, अंड्यांचं कालवण आणि नारळाच्या वड्या. गाडी दोन तास उशिरा आली, तरी हे थांबले. परत आल्यावर मी विचारलं, "कसे आहेत?" म्हणाले, "पोरगाच आहे अजून. फलाटावरच बसून जेवला. मग रिक्षात त्याच्या आईचा फोन आला. तिला सांगत होता, सब ठीक है अम्मी, खाना खा लिया."

"मग?"

"मग काय," हे म्हणाले, "खरंच खाल्लं होतं त्याने."