पुन्हा एकदा विचारा

मैत्रिणींनो, रात्री ओटा पुसून झाल्यावर मी काय करते, हे सांगायला मला अजून थोडा संकोच वाटतो. मी संगणकापुढे बसते आणि 'सी' भाषेत प्रोग्रॅम लिहिते. १९७२ च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅबमध्ये डेनिस रिची यांनी घडवलेली ही भाषा. लग्नाआधी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, तेव्हा शिकले होते. गेली दोन वर्षे गावातल्या एका लहान कारखान्याचे काम घरबसल्या, जमेल तसे करते. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारी पेटी ते बनवतात.

परवा त्या पेटीने दगा दिला. टाकी भरून वाहू लागली तरी मोटर चालूच! प्रोग्रॅम तर अगदी साधा. 'भरली' नावाचा एक डबा आहे असे समजा. पाणी वर आले की स्विच दाबला जातो. मग चिप हातातले काम क्षणभर सोडते, त्या डब्यात शून्याच्या जागी एक टाकते आणि परत कामाला लागते. मुख्य प्रोग्रॅम डब्याकडे पाहत थांबलेला. एक दिसला की मोटर बंद.

आपण लिहिलेले यंत्राच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. त्याने एकही चूक दाखवली नव्हती. मी वायर बदलली, स्विच बदलला. मग नेमके काय चालले आहे ते कळावे म्हणून 'वाट पाहते आहे' असे छापणारी एक ओळ मध्ये घातली, तर मोटर शहाण्यासारखी बंद! ओळ काढली की पुन्हा पूर. अगदी रडू यायचे बाकी राहिले.

चिपमध्ये जागा थोडी, म्हणून कंपायलरला काटकसर करायला सांगितलेले असते. शेवटी ती काटकसरच बंद करून पाहिली. सगळे सुरळीत! तेव्हा चोर सापडला. कंपायलरने हिशेब केला होता, 'या थांबण्याच्या जागेत डब्याला कुणीच हात लावत नाही. मग दर वेळी कशाला उघडायचा? एकदा पाहिला, शून्य होता, झालं!' मध्ये छापायची ओळ आली की तिकडे कुणी डबा बदलला असेल अशी त्याला शंका यायची, म्हणून तेवढ्यापुरता तो पुन्हा पाहायचा.

उपाय एका शब्दाचा. डब्याच्या नावाआधी 'व्होलाटाइल' लिहायचे. म्हणजे, हा बाहेरून बदलू शकतो, दर वेळी नव्याने पाहा. १९८९ च्या प्रमाण 'सी'मध्येही हा शब्द आहे. मीच तो लिहायला विसरले होते.

मला हसू आले, आणि मग एकदम गप्पच झाले. त्याच संध्याकाळी कारखान्याचे मालक घरी आले होते. "वहिनींनी पूर्ण वेळ यावं, अशी इच्छा आहे," म्हणाले. मी चहा घेऊन येईपर्यंत ह्यांनी उत्तर देऊनही टाकले, "छे हो, तिला नोकरी नकोच असते."

तसे मी म्हटले होते खरे. २००१ साली, मुलगा सहा महिन्यांचा असताना. "आत्ता नको" म्हटले होते. त्यातले 'आत्ता' कधी गळून पडले, कुणालाच कळले नाही. डबा एकदा उघडला, शून्य होता, झालं! ह्यांचा तरी काय दोष? बदलले आहे हे मी तरी कुठे सांगितले?

सकाळी चहाच्या वेळी म्हटले, "अहो, मला नोकरीचं पुन्हा एकदा विचारा ना."

हे वर्तमानपत्र खाली ठेवून बघतच राहिले. "जायचंय तुला?"

"हो, जायचंय."

"मग काल बोलली का नाहीस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

मैत्रिणींनो, तो शब्द प्रत्येक डब्याला लावायचा नसतो हं. मग काटकसर कसली? रोज उठून सगळ्यांना सगळेच विचारत बसलो, तर स्वयंपाक व्हायचा कधी? पण एखादा डबा असा असतो, की तो वरचेवर उघडून पाहावाच लागतो.

आणि हो, त्या दिवशी दुपारी मी सासूबाईंना विचारले, "आई, कारल्याची भाजी वाढू?" त्यांना कारले आवडत नाही म्हणून लग्न झाल्यापासून मी कधी विचारलेच नव्हते.

"वाढ की थोडी," त्या म्हणाल्या.