ताईंची वही

औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर पाय एका जागी ठरत नाहीत, बसलं की उठावंसं वाटतं आणि उठलं की चालावंसं, असं तुम्हाला किंवा तुमच्या घरात कुणाला झालं आहे का? झालं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. त्यात एक चूक आहे, आणि ती माझी आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळिशीच्या एक ताई माझ्याकडे स्किझोफ्रेनियासाठी येत होत्या. (त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांना आवाज ऐकू यायचे. मी हॅलोपेरिडॉल सुरू केलं. आठवड्याभरानं भाऊ त्यांना घेऊन आला. म्हणाला, "डॉक्टर, ही रात्रभर घरात फेऱ्या मारते. जेवायलासुद्धा बसत नाही." मी ताईंकडे पाहिलं, त्या खुर्चीत चुळबुळ करत होत्या. केसपेपरवर लिहिलं, 'बेचैनी वाढली', आणि डोस वाढवला.

त्या काहीतरी सांगू पाहत होत्या. बाहेर पंचवीस माणसं बसली होती.

दहा दिवसांनी त्या शाळेची शंभर पानी वही घेऊन आल्या. गोळी किती वाजता घेतली, फेऱ्या किती वाजता सुरू झाल्या, कधी थांबल्या, सगळं तारखेनिशी. आणि मध्येच एक वाक्य: 'आवाज बाहेरून त्रास देतात. हे आतून आहे. हे वेगळं आहे.'

याला अकॅथिसिया म्हणतात. ग्रीक भाषेत 'बसता न येणं'. मनोविकारांवरच्या काही औषधांमुळे, विशेषतः जुन्या औषधांमुळे, हा त्रास होतो. तो बहुधा औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत ते काही आठवड्यांत दिसतो. उलटी थांबवण्याच्या मेटोक्लोप्रामाइडनंही कधीकधी होतो. उपाय आहेत: डोस कमी करणं, औषध बदलणं, किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देणं. पण बाहेरून पाहणाऱ्याला तो आजार बळावल्यासारखा दिसतो, आणि मग डॉक्टर डोस वाढवतो. म्हणजे आगीत तेल. मी नेमकं तेच केलं होतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

अकॅथिसिया मोजायची एक पट्टी 1989 साली बार्न्स यांनी तयार केली. तिच्यात डॉक्टरांना काय दिसतं याचे गुण आहेतच. पण रुग्णाला आत काय जाणवतं आणि त्याचा त्रास किती होतो, याचे वेगळे गुण आहेत. रुग्णाला विचारल्याशिवाय ही पट्टी पुरीच होत नाही. मानसिक आजारांच्या संशोधनात हे सगळीकडे असं नाही. स्किझोफ्रेनियासाठी जगभर वापरली जाणारी 30 मुद्द्यांची एक पट्टी आहे. तिच्यात प्रश्न रुग्णाला विचारले जातात, घरच्यांकडूनही माहिती घेतली जाते, पण गुण डॉक्टर देतो. गुण कमी झाले की औषध लागू पडलं. ताईंना जेवणाच्या ताटावर बसता येतं का, हा मुद्दा त्या तिसांत नाही.

पुढे मी ही केस एका वैद्यकीय नियतकालिकासाठी लिहिली. पाठवण्याआधी ताईंना मराठीत वाचून दाखवली. एका वाक्यावर त्यांनी मला थांबवलं. मी लिहिलं होतं, 'रुग्ण औषध घेण्यास टाळाटाळ करत होती.'

"टाळाटाळ नव्हती, डॉक्टर. दोन दिवस गोळी सोडली तेव्हा जेवायला बसता आलं. हे मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला."

मी वाक्य खोडलं आणि त्या जागी त्यांचं घातलं. त्यांचं नाव लेखक म्हणून द्यायची माझी तयारी होती. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाल्या, कारण भाचीच्या लग्नाची बोलणी चालली होती. "नाव नको. पण वाक्य माझंच ठेवा." मला वाईट वाटलं, पण निर्णय त्यांचा होता. आपल्या समाजात अनुभव छापण्याची किंमत कोण मोजतं, हे आम्हा डॉक्टरांना पटकन कळत नाही.

हे माझ्यापुरतंच नाही. नेदरलँड्समध्ये 1980च्या दशकात पॅट्सी हेग नावाची तरुणी मानसोपचारतज्ज्ञ मारियस रॉम यांच्याकडे उपचार घेत होती. तिला आवाज ऐकू यायचे. आवाज खरे नाहीत, एवढंच ऐकून ती कंटाळली होती. तिनं डॉक्टरांशी वाद घातला की माझ्यासाठी ते आहेत, त्याबद्दल बोला. पुढे दोघं दूरचित्रवाणीवर गेले आणि आवाज ऐकणाऱ्यांना संपर्क करायला सांगितलं. सुमारे साडेचारशे जणांनी आपल्याला आवाज ऐकू येतात असं कळवलं, आणि त्यांतले बरेचजण आवाजांसह ठीकठाक जगत होते. दवाखान्यात असे लोक येतच नाहीत, मग डॉक्टरांना ते दिसणार कुठून? संशोधनाचा एक नवा विषय त्यातून उभा राहिला.

आपल्याकडे 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं केंद्रीय प्राधिकरणात मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींच्या प्रतिनिधींना जागा दिली आहे. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसं समुपदेशनाचं काम करतात, तेही याच जातीचं.

एक सावधगिरी मात्र हवी. एकाचा अनुभव म्हणजे दुसऱ्याचं प्रिस्क्रिप्शन नव्हे. ताईंना हॅलोपेरिडॉल सोसलं नाही, अनेकांना सोसतं. हे वाचून कुणी गोळी आपल्या मनानं बंद करू नका. एकदम बंद केल्यानं आजार उलटू शकतो.

त्यापेक्षा वही करा. गोळीची वेळ, झोप, जेवण, आणि जे 'वेगळं' वाटतं ते, तुमच्याच शब्दांत. 'अस्वस्थ वाटतं' एवढ्यानं भागत नाही. पायात, छातीत की डोक्यात, तेही लिहा. कुणी तुमच्या आजारावर लेख लिहायची किंवा अभ्यासात घ्यायची परवानगी मागितली, तर छापण्याआधी वाचायला मागा. न आवडलेलं वाक्य दाखवा. नाही म्हणालात तरी तुमचे उपचार थांबवता येत नाहीत.

पुढच्या भेटीला वही सोबत आणा. डॉक्टर घाईत असले, तर शेवटचं पान तरी त्यांच्यासमोर ठेवा.