बोरांची पिशवी

माझ्या बोरन्हाणाचा एक फोटो घरात आहे. काळं झबलं, गळ्यात हलव्याची माळ, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओघळताहेत आणि मी भोकाड पसरलेलं. मला मांडीवर घट्ट धरून बसलेला कॉलेजातला मुलगा म्हणजे जिभाऊ, माझे काका. त्यांची डावी मूठ मिटलेली दिसते. पोरांची झुंबड उडायच्या आधीच त्यांनी बोरं उचलली होती, असं आजी सांगायची.

मेहरूणची बोरं. जळगाव शहर आमच्या गावाला कधीच पोटात घेऊन पुढे सरकलं, पण बोरांच्या नावात मेहरूण टिकून आहे. बोर लहानसं, गोल, पातळ सालीचं. आधी गोड लागतं, आंबटपणा मागाहून जिभेच्या कडेला कळतो. बी पेरून उगवलेलं झाड तसंच निघेल याचा भरवसा नाही, म्हणून रानबोरीवर डोळा भरतात. उन्हाळ्यात झाड छाटून बोडकं करायचं, पावसाळ्यात नव्या फुटीवर फुलं येतात आणि बोरं थंडीत.

जिभाऊ मुंबईला गेले, चर्चगेटजवळ एका ऑफिसात हिशेबाच्या खात्यात लागले, मीरा रोडला त्यांनी घर केलं. संक्रांतीला मात्र ते इथेच. निघायच्या दिवशी आजी पिशवी भरायला बसायची. पूर्ण पिकलेली बोरं घरात खायची. मुंबईसाठी गदरलेली, करकरीत, एकेक अंगठ्याने दाबून निवडलेली. "बोरं लई जाय, भाऊ," एवढंच ती म्हणायची. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून पिशवीच्या गाठी उगाच पुन्हापुन्हा आवळायची. उरलेली बोरं ती वाळवून ठेवायची. मुंबईला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती मागाहून जायची.

मंगळवार, 11 जुलै 2006. संध्याकाळी सहा चोवीसपासून अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. सरकारी आकड्याप्रमाणे 189 माणसं गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. प्रेशर कुकरमध्ये भरलेले बॉम्ब पहिल्या वर्गाच्या डब्यांत ठेवले होते.

पहिला वर्ग म्हटलं की इथल्या माणसांना श्रीमंत माणसं डोळ्यांसमोर येतात. लोकलचा पहिला वर्ग म्हणजे जरा बरी गादी आणि थोडी कमी रेटारेटी. त्या वेळेच्या गाडीत ऑफिस सुटलेलीच माणसं असतात, हातात डबा, खिशात पास. जिभाऊंनी वीस वर्षं दुसऱ्या वर्गातून उभ्याने प्रवास केला. गुडघे दुखायला लागल्यावर काकूने हट्ट धरला, आणि त्यांनी पहिल्या वर्गाचा पास काढला. काकू हे कधी बोलून दाखवत नाही. पण अजूनही कुणी गुडघेदुखीचा विषय काढला की ती उठून आत जाते.

त्या रात्री फोन लागत नव्हते. वडील मिळेल त्या गाडीने निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी जिभाऊंना घड्याळावरून ओळखलं. त्यापलीकडे वडिलांनी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

पुढचं मला फार लागलं. जिभाऊंचं नावच गेलं. लग्नात, बाजारात, दवाखान्यात आमची ओळख करून देताना लोक आवाज खाली आणून म्हणत, "ते बॉम्बस्फोटातले, त्यांची पुतणी." अठ्ठेचाळीस वर्षं जगलेल्या माणसाला त्या एका संध्याकाळचं आडनाव चिकटलं. त्यांचं अक्षर, त्यांचं मोठ्याने शिंकणं, भावाच्या पोरींना शिकवा म्हणून वडिलांशी घातलेला वाद, हे सगळं त्या आडनावाखाली दबून गेलं.

ऑगस्टमध्ये ऑफिसातले दोघं जण घरी आले. टेबलाच्या खणातल्या वस्तू त्यांनी आणल्या होत्या. चष्म्याचं घर, दोन पेनं, औषधाचं पाकीट आणि वाळलेल्या बोरांचा डबा, अर्धा रिकामा. त्यांच्यातले वयाने मोठे गृहस्थ आजीला म्हणाले, "आम्ही त्यांना नावाने कधी हाक मारलीच नाही, आजी. मेहरूण म्हणायचो. मेहरूण, चहा घेतला का? मेहरूण, बोरं कधी येणार?" आजी महिनाभर गप्प होती. त्या दिवशी ती रडली. मग उठून तिने त्यांना जेवायला वाढलं.

माझ्या मुलाची पहिली संक्रांत पुढच्याच जानेवारीत आली. वर्ष झालं नव्हतं, बोरन्हाण करायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. आजीने कुणाला न सांगता सकाळीच बोरं वेचून आणली. ज्या पाटावर माझं बोरन्हाण झालं तोच पाट मांडला. बाळाला मांडीवर कुणी घ्यायचं, यावर क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. ती जागा जिभाऊंची होती. वडील पुढे आले, बसले. आजीने थरथरत्या ओंजळीने बाळाच्या डोक्यावर बोरं सोडली. पोरं तुटून पडली. तिने स्वतः वाकून एक बोर उचललं आणि मुठीत धरलं, संध्याकाळपर्यंत.

2015 साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकालाच्या दिवशी मला दोन्हीकडून तुटल्यासारखं झालं. ज्यांच्यावरचा गुन्हा सिद्ध झाला नाही त्यांची एकोणीस वर्षं कुणी भरून द्यायची? आणि आमचा माणूस कुणी मारला? वडिलांनी टीव्ही बंद केला आणि विचारलं, औंदा बोरी छाटल्या होत्या ना?

आमच्या दोनच बोरी उरल्या आहेत. बाकीच्यांच्या जागी प्लॉट पडले. जानेवारीत मी पाटावर बसून बोरं निवडते, गदरलेली, करकरीत, अंगठ्याने दाबून. जिभाऊंच्या ऑफिसातले ते वयस्कर गृहस्थ आता निवृत्त आहेत, बोरिवलीत राहतात. त्यांचा पत्ता पिशवीवर लिहिते. पाठवणाऱ्याच्या जागी फक्त मेहरूण.